भिंतीकडे तोंड

हात वर गेला तेव्हा माझं लक्ष मीटिंगमध्ये नव्हतंच. रविवारची सकाळ, इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पुढे स्टुलावर सेक्रेटरी, आणि मी शेवटच्या रांगेत बसून एका दाढेचा विचार करत होते. आदल्या दिवशी, मी जिथे दातांच्या कवळ्या बनवते त्या लॅबमध्ये, एक खालची कवळी मेणात उभी केली होती आणि तिची डावीकडची शेवटची दाढ केसभर उंच राहिलीय, असं मला घरी आल्यापासून वाटत होतं. सेक्रेटरी बराच वेळ बोलत होते. एकाच पट्टीतला आवाज, वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरणारा. मग ते थांबले, पुढच्या रांगांतून हात वर गेले, आणि माझाही गेला. उजवा, कोपरात वाकलेला, तळवा आभाळाकडे. सेक्रेटरींनी बोटाने हवेत टोचत हात मोजले, परत मोजले, आणि म्हणाले, एका हाताने का होईना, ठराव मंजूर. तेव्हा कुठे मी शेजारच्या बाईंना विचारलं की कसला ठराव. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तळमजल्यावरची रिकामी जागा त्या राखाडी कपडेवाल्यांना भाड्याने द्यायची नाही, असा ठराव होता. राखाडी कपडेवाले म्हणजे माझे लोक. म्हणजे, होते.

तळवा आभाळाकडे होता ही त्यातली खरी गोम. बाहेरची माणसं हात वर करतात तेव्हा तळवा पुढे असतो, बस थांबवावी तसा. आमच्या पंथात तळवा वर. थोरले, म्हणजे पंथाचे प्रमुख, सभेत बोलायचे, त्यांचा आवाज शेवटी खाली उतरायचा, मग ते नुसतं म्हणायचे, ‘हात.’ की सगळ्या दालनातले तळवे एकदम वर. आपलं मत आपण त्यात ठेवून वर दिलं, असा त्याचा अर्थ. चालायला लागायच्या आधी मूल हे शिकायचं, आईच त्याचा हात धरून वर करायची. हात मोजायची पद्धत नव्हती. मोजायला दोन बाजू लागतात. एकदा मी थोरल्यांनाच विचारलं होतं की हे हात कधी कुणी मोजून बघितलेत का. त्या एका प्रश्नापायी घरात पुढे किती दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही ते आठवलं की आजही डोकं भणभणतं. त्यानंतर यथावकाश मी बाहेर पडले, राखाडी कपडे टाकले, केस कापले, आरसा विकत घेतला, शीळ वाजवायला शिकले. आमच्यात शीळ वर्ज्य होती, का ते विचारणंही वर्ज्य होतं. एवढा सगळा खटाटोप केला आणि हाताला काही सांगायचं राहूनच गेलं. कोणीतरी त्या पट्टीत बोललं, आवाज खाली उतरला, आणि हा आपला गेला वर. आज्ञाधारक गाढव.

मीटिंग संपल्यावर जो तो मला भेटायला येत होता. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, धैर्य लागतं. सेक्रेटरी खुर्च्या एकात एक घालता घालता म्हणाले की वहिनी, तुमचा हात दिसला आणि आमची खात्रीच पटली, त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं. मी काय बोलणार? की माझा हात मी वर केलाच नाही? वेड्यात काढलं असतं. मी हसले. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो भांडी विसळता विसळता म्हणाला, मग बरंच झालं की, रोज जिन्यात ती तोंडं बघायचा ताप वाचला. मी म्हटलं, अरे, पण मी विचारच केला नव्हता. ‘मग आता कर,’ तो म्हणाला. ‘उत्तर तेच येणार आहे.’ माझा नवरा चांगला माणूस आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, पण अशा वेळी मला त्याच्या हातातली कढई घेऊन आपटावीशी वाटते. त्याला मतं आयती मिळालीत. त्याच्या बापाला वाटायचं ते थोडं, मित्रांना वाटतं ते थोडं, पेपरातलं थोडं, आणि हे सगळं इतकं सहज अंगावर बसलंय की ते आपलंच कातडं आहे असं तो धरून चालतो. त्याला कधी रस्त्यात मध्येच थांबून, शिंकणाऱ्या माणसाला आपण काय म्हणायचं असतं आणि का, हे ठरवावं लागलेलं नाही.

मला लागलं. मला सगळंच ठरवावं लागलं. मेल्यावर काय होतं, खोटं कधी बोललेलं चालतं, पोटची पोरं आपली किती आणि त्यांची स्वतःची किती, कोर्टात शपथ घ्यायची का, नवऱ्याच्या चुलतभावाने मारलेल्या विनोदावर हसायचं का. बाकीच्यांचं घर भरलेलं असतं, त्यांना अधूनमधून एखादी खुर्ची बदलावी लागते. मी रिकाम्या खोलीत उभी, आणि चमच्यापासून सगळं बाजारातून आणायचं. आणलेलं घरी येऊन बघावं तर निम्मं जुन्याच दुकानातलं निघतं. पहिली काही वर्षं तर मी भलतंच करून बसले. थोरले जे म्हणायचे त्याच्या नेमकं उलट धरायचं, असा सोपा नियम केला. ते म्हणत मौन चांगलं, म्हणून मी बडबड करायची. ते म्हणत घाई वाईट, म्हणून मी जिने धावत चढायची. माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला की अजूनही सगळं तेच ठरवताहेत. उलट्या बाजूने कपडा घातला म्हणून कपडा बदलत नाही.

मग त्या गटात जात होते. पंथातून बाहेर पडलेल्यांचा गट, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचा. तिथे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. फार हुशार, फार वाचलेले, आणि बोलायला लागले की छान वाटायचं, कारण आपल्याला जे चोवीस तास ठणकतं त्याला ते नावं द्यायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. कुणी म्हणालं की मला पंथातली सकाळची शांतता अजून आवडते, की सर मान हलवायचे, आणि खोलीतले सगळे मान हलवायचे, आणि तो बिचारा गप्प बसायचा. एके दिवशी सरांनी काहीतरी विचारलं आणि हात वर करायला सांगितलं. मी आजूबाजूला पाहिलं. निम्म्याहून जास्त तळवे आभाळाकडे होते. कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. मला हसू आलं, मग हसू आवरेना, मग रडू आलं, आणि मी चप्पल घालून निघाले ती परत गेले नाही. रविवारच्या ठरावाचं सरांच्या कानावर कसं गेलं देव जाणे, पण सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला, शाब्बास म्हणाले, अशीच एकेक दारं त्यांना बंद झाली पाहिजेत. देव जाणे, असं मी अजून म्हणते. त्याचंही काहीतरी ठरवायला हवं.

खरं म्हणजे जागा हवी असलेल्या त्या तिघांना मी ठरावाआधीच पाहिलं होतं. जागेचा मालक त्यांना जागा दाखवायला घेऊन आला होता आणि मी कामावरून येत होते. मुलगा, सून आणि मुलाची म्हातारी आई, तिघंही गळाबंद राखाडी कपड्यांत, टपालपेट्यांपाशी उभे. मालक बोलका माणूस, कुणाचं कुणाशी जुळवून दिलं की त्याला जेवण गोड लागतं. तो मोठ्या उत्साहाने म्हणाला की अहो, या ताई पण आधी तुमच्यातल्याच, आणि आजी, तुमचं तर काम झालं, दातांच्या कवळ्या बनवतात या, घरचंच माणूस मिळालं! तिघांनी भिंत केली. आमच्यात, म्हणजे त्यांच्यात, तसंच म्हणतात. जो सोडून गेला त्याची भिंत करायची, तो समोर आला की जवळच्या भिंतीकडे तोंड करून तो जाईपर्यंत उभं राहायचं. त्याला बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. तीन राखाडी पाठी टपालपेट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मालक बिचारा माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मी पुढे झाले, आणि जिना चढताना मला मागून कट्, कट् असा आवाज आला. म्हातारी काहीतरी पुटपुटत होती आणि तिची खालची कवळी उचलली जाऊन वरच्यावर आपटत होती. चावा चुकलेला, म्हणजे वरचे-खालचे दात नीट जुळत नव्हते. कुणीतरी घाईत बनवलेली कवळी. माझं पहिलं लक्ष त्या आवाजाकडे गेलं आणि मगच मला राग आला.

राग कशाचा, तर बटणाचा. आमच्या बायकांच्या कपड्यांना मानेमागे बटणं असतात. बाबा वारले तेव्हा मी माहेरी गेले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि सगळं घर भिंतीकडे वळलं, काका, आत्या, भाऊ, ज्याच्या पाठीवर बसून मी घोडा-घोडा खेळले तो भाऊ, आणि आई. बाबा तेवढे वळले नाहीत, ते मधोमध आडवे होते. मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले. इतकी जवळ, की तिच्या केसांचा वास येत होता. तिच्या मानेवरचं बटण चुकीच्या काजात घातलेलं होतं, त्यामुळे गळा एका बाजूला ओढला गेला होता. त्या सकाळी तिचं बटण लावायला कुणी नव्हतं, एरवी बाबा लावायचे. मला ते काढून नीट लावायचं होतं. एवढंच करायचं होतं, दुसरं काही नाही. हात पुढे केला तशी ती भिंतीला आणखी चिकटली. मग मी बाबांच्या पायाशी थोडा वेळ बसले आणि निघून आले. पुढच्याच वर्षी आई गेली. मला ते एका बाहेरच्या माणसाकडून, फार उशिरा कळलं. म्हणजे त्या माऊलीने शेवटपर्यंत माझ्याकडे तोंड वळवलं नाही ते नाहीच. मला त्याचं अजूनही इतकं वाईट वाटतं की ते बोलता येत नाही, आणि राग येतो तो तर बोलूच नये असा.

तर आता सांगा, त्यांना तळमजल्यावर राहायला नको म्हणणारा हात कुणाचा होता? थोरल्यांनी शिकवलेला, का बाबांच्या पायाशी बसलेल्या मुलीचा, का खरोखर माझा? आठवडाभर मी हाच घोळ घालत होते. नवरा म्हणाला की तू फार विचार करतेस. हे म्हणजे तहानलेल्याला फार पाणी पितोस म्हणण्यातला प्रकार. लॅबमध्ये प्लास्टर घोटताना, साच्यातलं मेण उकळत्या पाण्याने काढताना, पॉलिशच्या चाकाशी उभं असताना, सारखं तेच. मी स्वतःला स्पष्टच विचारायची की बाई, तुझं मत काय? आणि प्रत्येक वेळी वेगळंच कुणीतरी उत्तर द्यायचं. कधी आईच्या आवाजात, कधी सरांच्या, कधी सेक्रेटरींच्या. लॅबच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकदा गंमत सांगितली होती. बिनदातांच्या माणसाचा चावा घ्यायचा असतो, म्हणजे त्याचा जबडा आपसूक कुठे मिटतो ते मेणाच्या पट्टीवर उतरवून घ्यायचं असतं. आता त्याला म्हणावं की नीट मिटा, तर तो कधीच नीट मिटत नाही. डॉक्टरला कसं हवं असेल त्या अंदाजाने जबडा पुढे काढतो, बाजूला नेतो, घाम फुटला तरी खरं मिटत नाही. मग त्याला नुसतं सांगायचं की आवंढा गिळा. गिळताना जबडा आपल्या जागी येतो. त्याला कुणी विचारत नसतं ना तेव्हा.

शुक्रवारी दुपारी मी डबा खात होते. कशाचाच विचार करत नव्हते, खिडकीतून समोर एक माणूस गच्चीवर चादर वाळत घालत होता ते बघत होते. आणि मला वाटलं, त्या म्हातारीला जिना चढवत नसणार, म्हणूनच तळमजला बघताहेत. बस्स. एवढंच. त्यात तत्त्व नाही, सरांना आवडेल असं काही नाही, थोरल्यांना तर नाहीच नाही. ते लोक चूक आहेत. माझ्या मते पुष्कळ चूक आहेत, आणि ते मी त्यांच्या पाठीला रोज ऐकवायला तयार आहे. पण चूक असणाऱ्यांनाही डोक्यावर छप्पर लागतं, आणि ज्यांच्याजवळ बरोबर मतं आहेत त्यांनाच जागा द्यायची म्हटलं तर ही इमारत उद्या रिकामी करावी लागेल, माझ्यासकट. मी हे मत उलटून पालटून पाहिलं. त्यावर कुणाच्या बोटांचे ठसे दिसले नाहीत. निदान मला दिसले नाहीत. घास गिळला आणि उरलेला डबा संपवला.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या दारात गेले आणि म्हटलं की माझा हात चुकून वर गेला होता, परत मत घ्या. ते चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघत राहिले.

‘वहिनी, हात काय चुकून वर जातो का?’

‘माझा जातो,’ मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ समजूत घातली. भिडस्तपणा करू नका, तुम्हाला कुणी धमकावलं का, मिस्टरांना विचारलंत का. मग मला चहा दिला, आणि शेवटी अगदी मायेने, माझं दुःख कळल्यासारखं म्हणाले की शेवटी रक्त ओढ घेतंच. तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, सेक्रेटरीसाहेब, मागच्या रविवारी मी नको म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ही त्यांच्यातली, म्हणून नको म्हणते. आता हो म्हणतेय तर म्हणता, ही त्यांच्यातली, म्हणून हो म्हणते. मग मी माझ्यातली कधी होणार? ते म्हणाले, तसं नाही वहिनी. पण तसंच होतं, आणि त्यांच्या चहात साखरही फार होती.

तरी परत मत घ्यायला ते तयार झाले, आणि रविवारी परत खुर्च्या मांडल्या. या वेळी गर्दी जास्त, कारण फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? मी पुढच्या रांगेत बसले. उभं राहून म्हटलं की मागच्या वेळी मी विचार केला नव्हता, आता केलाय, त्यांना राहू द्या. कारण विचारलं तर म्हटलं, म्हातारीला जिना चढवत नाही. मागे कुणीतरी हसलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, यांना तोंडावर थुंकणाऱ्यांचा पुळका आहे. मी म्हटलं की पुळका अजिबात नाही. जागा द्यायची नाही हा तोच ठराव सेक्रेटरींनी त्याच त्यांच्या पट्टीत परत मांडला, आवाज शेवटी खाली उतरला, हात वर गेले, आणि माझा उजवा हात मांडीवरून उठायला लागला. डाव्या हाताने मी त्याचं मनगट धरून ठेवलं. लोक बघत होते, बघोत. ठराव पडला, तोही एकाच हाताने. घरी जाताना नवरा म्हणाला, झालं समाधान? मी खरं सांगितलं की नाही झालं.

ते तिघं राहायला आले आणि माझं रोजचं जिणं सुरू झालं. सकाळी मी खाली उतरले की सून बादली घेऊन भिंतीकडे वळते. मुलगा कुलूप लावता लावता दाराला नाक लावून उभा राहतो. एकदा तो भिंतीकडे वळायला गेला तर तिथे खिडकी होती, मग हा बाबा गोल फिरून दुसरी भिंत शोधतोय आणि मी हातात पिशवी घेऊन वाट बघतेय. मी यांच्यासाठी आख्ख्या इमारतीशी वाकडं घेतलं. आजोबा बोलत नाहीत, सेक्रेटरी नुसतं नमस्कारावर भागवतात, सरांनी तर निरोप पाठवला की तू निराशा केलीस. आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या राखाडी पाठी मला रोज सकाळी बघायच्या. आभार नकोत, पण बाबांनो, निदान एकदा नीट चिडून तरी बघा माझ्याकडे. काही दिवस तर मी मुद्दाम शीळ वाजवत उतरायची. मग ते पोरकट वाटलं आणि सोडलं. मत आपलं असलं म्हणून ते सुखाचं असतं असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

काल मी कामावरून परत आले तर टपालपेट्यांपाशी म्हातारी एकटीच. मला पाहिलं आणि सवयीने भिंतीकडे वळली. मी बाजूने जिन्यापर्यंत पोचले, आणि मागून आवाज आला. कट्. मग भिंतीला उद्देशून, हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत:

‘डावीकडे टोचतं. भाकरतुकडा गिळवत नाही.’

मी थांबले. भिंतीशी बोलायला पंथात बंदी नाही, एवढं मला माहीत आहे. म्हातारीने बरोबर फट शोधली होती. तिच्या मानेवरची बटणं बघितली, नीट लावलेली होती, सुनेने लावली असतील. मला एकदम संताप आला. म्हणजे काम मी करायचं, आणि माणूस मात्र व्हायचं नाही. माझ्या आईच्या पाठीमागे मी काय कमी उभी राहिले होते? तिथून वर निघून जावं, हे माझंच मत आहे, असं मला वाटलं. आणि म्हातारी डावा गाल हाताने दाबून उभी होती, आणि कुठली दाढ उंच आहे ते मला इथूनच कळत होतं, हेही होतंच.

‘आजी,’ मी म्हटलं, ‘दात तोंडात असतात. पाठीमागून दिसत नाहीत. दाखवायचे असतील तर इकडे वळा. नाही वळलात तर मी चालले.’

 त्यांच्या घरातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी एक पायरी चढले. मग कपड्यांची सळसळ झाली. म्हातारी भिंतीला हात लावत लावत, कशीबशी, पुरी माझ्याकडे वळली. डोळे घट्ट मिटलेले, इतके की सगळा चेहरा त्यांच्याभोवती गोळा झाला होता. आणि तोंड आ करून उघडलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग पिशवी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले, आणि तिची हनुवटी उजेडाकडे वर केली.